वाट वाकडी करून

शरयूताई,

तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले. पेपरात चार ओळी छापून आल्या. तुमच्या पदव्या, कॉलेज, नोकरीची वर्षं, सगळं त्यात होतं. एक क्रियापद चुकलं होतं. तुम्ही असता तर लाल पेनाने त्याच्याभोवती गोल केला असता. तुम्ही नव्हता म्हणून मी केला, आणि मग एकटीच हसत बसले. मीनूने आतून विचारलं, "क्या हुआ मम्मा?" मी म्हटलं, काही नाही गं, ताईंचं एक काम राहिलं होतं, ते केलं.

पदव्या आणि नोकरीचं मी काही लिहिणार नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि थोडं भांडायचंय. इतक्या वर्षांचं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे तुमच्या शिस्तीत बसत नाही.

मी चंडीगडला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. कराडजवळच्या गावातून, मराठी घेऊन बी.ए. झालेली. सुरेश एकोणचाळीस सेक्टरमधल्या संस्थेत उपकरणांवर काम करायचे. भाजीवाल्याकडे मोडकंतोडकं हिंदी चालून जायचं, पण संस्थेतल्या चहापार्टीला सगळ्या बायका इंग्रजीत बोलायच्या. मला समजायचं सगळं. बोलायची वेळ आली की जबडा आवळून जायचा. आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत तुम्ही मला कोपऱ्यात बसलेली पाहिलंत आणि म्हणालात, "बुधवारी दुपारी माझ्या घरी ये. चौघीजणी येतात. बोलायला शिकू." येतेस का असं विचारलं नाहीत, ये म्हणालात.

पंधरा सेक्टरमधलं तुमचं वरच्या मजल्यावरचं घर. वेताच्या खुर्च्या, खिडकीत उन्हाला ठेवलेली लोणच्याची बरणी, आणि जिकडेतिकडे पेपरांचे गठ्ठे. पहिल्याच बुधवारी तुम्ही म्हणालात, "या आठवड्यात तुझ्यासाठी कुणी काही केलं असेल, तर ते इंग्रजीत सांग."

केलं होतं ना. आमचा गॅस संपला होता. शेजारच्या गुरमीत कौरने स्वतःच्या घरातला भरलेला सिलिंडर मला आणून दिला आणि चार दिवस स्वतः स्टोव्हवर स्वयंपाक केला. मी मनात मराठी वाक्य जुळवलं, त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं आणि मोठ्या धीराने बोलले, "गुरमीत हॅज डन बिग ऑब्लिगेशन ऑन मी."

तुम्ही इतक्या हसलात की कपातला चहा बशीत सांडला.

"बाप्पा! हे ऐकून ती गुरमीत घर सोडून पळून जाईल. काय केलं तिनं?"

"उपकार केले."

"उपकार म्हणजे? हातानं काय केलं?"

"सिलिंडर दिला."

"मग तेवढंच म्हण. गुरमीत लेंट मी हर सिलिंडर. झालं."

"पण मग तिचा चांगुलपणा कुठे गेला त्यात?"

"तो ऐकणाऱ्याला दिसतो. तू दाखवायला जाऊ नको."

मला ते पटलं नाही. आपलं भांडण तिथे, त्या पहिल्याच बुधवारी सुरू झालं.

तुमचं म्हणणं, इंग्रजीत कुणी आपल्यासाठी काही केलं की ते साध्या क्रियापदाने सांगायचं. तिने माझं मूल सांभाळलं, त्याने मला घरी पोचवलं, त्यांनी माझ्यासाठी रांग धरली. ओझं वाढवायचं नाही. माझं म्हणणं, अशाने सगळं सपक होतं. मग एका बुधवारी मी तुम्हाला विचारलं, "ताई, 'पाणी आणलं' आणि 'पाणी आणून दिलं' यात फरक आहे ना? आपल्या मराठीत उपकार क्रियापदाच्या शेपटीतच असतो. करून दिलं, सांगून ठेवलं, सोडून आले. तुमच्या इंग्रजीत तो कुठे आहे?" तुम्ही कप खाली ठेवलात. मग वही ओढून ते लिहून घेतलंत आणि म्हणालात, "इंग्रजीत त्याला 'फॉर मी' म्हणतात. पण तुझी शेपटी चांगली आहे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं." कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंना मी काहीतरी शिकवलं! त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले, रिक्षा न करता. पाय जमिनीला लागत नव्हते.

चुका मात्र मी भरपूर केल्या, आणि तुम्ही प्रत्येक चूक आवडीने जपून ठेवलीत. संस्थेच्या संचालकांच्या बायकोला मी सांगितलं होतं, "माय हजबंड लेफ्ट मी धिस मॉर्निंग." मला म्हणायचं होतं की सकाळी यांनी मला इथे सोडलं आणि ते कामाला गेले. त्या बिचाऱ्या बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, काळजी करू नकोस, तू तरुण आहेस. दुसऱ्या दिवशी सुरेशना साहेबांनी खोलीत बोलावून संसाराबद्दल चार शब्द सुनावले. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठून आत गेलात, तोंडावर पाणी मारून आलात आणि पुन्हा हसायला लागलात. "सोडणं हे फार धोक्याचं क्रियापद आहे विजू. जपून वापर."

आणि एक दिवस तुम्ही फळ्यावर लिहिलंत, "ही वेंट आउट ऑफ हिज वे." अर्थ सांगितलात: कुणासाठी स्वतःहून जास्तीचे कष्ट घेणं. मी म्हटलं, "म्हणजे वाट वाकडी करून?" तुम्ही टाळी वाजवलीत. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली याचा तुम्हाला एवढा आनंद झाला की त्या दिवशी वर्ग तिथेच संपवून आम्हाला पोहे करून घातलेत. खारट झाले होते. आज सांगते.

ते दिवस हसण्याचे होते असं कुणी म्हणणार नाही. पंजाबात रोज काहीतरी घडत होतं. संध्याकाळच्या बातम्यांना सगळ्या घरांतले रेडिओ एकदम मोठे व्हायचे. कधी बस बंद, कधी चौकात पोत्यांच्या भिंती, कधी जीपवरच्या भोंग्यातून संचारबंदी पुकारत जायचे. कराडहून आईची पत्रं यायची, परत ये म्हणून. तुम्ही म्हणायचात, "बुधवार तो बुधवार. रस्ता उघडा असेल तर या. बंद असेल तर आरशासमोर बोला."

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. त्या महिन्यांत रस्त्यावर अनोळखी पगडी दिसली की मी पदर आवळून बाजूला व्हायची. गुरमीतचा सिलिंडर वापरणारी मी, तिच्या हातचं सरसोंचं साग खाणारी मी. तिचे यजमान हरबंस सिंगजी रोज सकाळी त्यांची काळी-पिवळी टॅक्सी धुताना "सत श्री अकाल, बेटा" म्हणायचे आणि मी हसून मान हलवायची. तरी बाहेर पडलं की पदर आवळला जायचाच. मला त्याची लाज वाटायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसता हे आता कळतं.

मे महिना होता. माझे दिवस भरत आले होते. अजून दोन आठवडे आहेत म्हणून सुरेश एका यंत्राचा भाग आणायला दिल्लीला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी लागली. ते तिकडे अडकले. अकराच्या सुमाराला माझ्या पोटात कळ आली. दुसरी आली तेव्हा मी शेजारची भिंत ठोकली.

गुरमीत धावत आली. मागून हरबंस सिंगजी आले. फोन करायला दोन घरं पलीकडे जाऊन आले, लागला नव्हता. त्यांनी टॅक्सी काढली. मी म्हटलं, मी नाही येणार, बाहेर संचारबंदी आहे, तुम्ही नर्सला बोलवा. ते म्हणाले, "नर्स भी तो कर्फ्यू में है, बेटा। चल, बैठ जा।" मी खाटेचा कठडा धरून बसले. शेवटी दोघांनी मला दंडाला धरून उठवलं आणि गाडीत बसवलं.

हॉस्पिटलचा सरळ रस्ता बंद होता. अडथळ्यापाशी जवानांनी पास मागितला. पास नव्हता. हरबंस सिंगजींनी वाद घातला नाही. गाडी वळवली आणि शहराबाहेर काढली, धनास गावाच्या बाजूला. दोन्हीकडे कापलेल्या गव्हाची रानं आणि मधे खड्ड्यांचा रस्ता. माणूस दिसेना. आणि ताई, मी ओरडले. "कहाँ ले जा रहे हो? गाडी रोको!" असं मी त्या माणसावर ओरडले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. गुरमीतने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ती हळू आवाजात गुरुबाणीचा पाठ म्हणू लागली. ते नुसते प्रत्येक खड्ड्याला म्हणत होते, "सॉरी बेटा." पुढचा खड्डा, "सॉरी बेटा." त्यांना येणारा तो एकच इंग्रजी शब्द असावा. खुड्डा लाहोरा नावाच्या गावाकडून वळसा घालून त्यांनी आम्हाला बरोबर हॉस्पिटलच्या फाटकात उतरवलं. टॅक्सीला तिथे थांबू देईनात, म्हणून गुरमीतला माझ्याजवळ ठेवून ते आल्या वाटेने परत गेले.

पावणेचारला मीनू झाली.

सुरेश दुसऱ्या दिवशी पोचले. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या गाडीने आम्ही घरी आलो. आणि चौथ्या दिवशी सकाळी पोलीस हरबंस सिंगजींना चौकशीसाठी घेऊन गेले. संचारबंदीत धनासच्या रस्त्यावर जाता-येता त्यांच्या गाडीचा नंबर कुणीतरी टिपला होता. सरळ रस्ता सोडून रानातून का गेलास, गाडीत कोण होतं, येताना रिकामा कसा? त्यांनी खरं ते सांगितलं. पण त्या दिवसांत नुसतं सांगून भागत नव्हतं. सुरेश ठाण्यावर जाऊन आले. तिथले साहेब केरळकडचे होते, हिंदी जेमतेम. ते सभ्यपणे म्हणाले, ज्या बाईंना नेलं त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून सही करून द्यावं.

गुरमीत आमच्या दारात उभी होती. रडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. मी मीनूला तिच्या हातात दिलं आणि कागद घेतला.

संचारबंदी दोन ते पाच सैल केली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी तुमची मोपेड आमच्या दारात. बाळंतिणीला काय आणलंत? ग्लुकोजची बिस्किटं आणि शब्दकोश. "लाडू मला येत नाहीत," म्हणालात. मग टेबलावरचा कागद उचललात. मी अर्धा तास घाम गाळून लिहिलं होतं. तुम्ही वाचत गेलात आणि तुमचा चेहरा उतरत गेला.

मी लिहिलं होतं की हरबंस सिंग यांनी मला माझ्या घरातून 'लिफ्ट' केलं. जबरदस्तीने टॅक्सीत बसवलं. मी ओरडले तरी थांबले नाहीत. मला जंगलाच्या रस्त्याने नेलं आणि हॉस्पिटलमध्ये 'सोडलं'. त्यांनी माझ्यावर मोठं ऑब्लिगेशन केलं असून मी त्यांच्या दबावाखाली आहे. मला उपकाराचं ओझं म्हणायचं होतं हो!

"विजू," तुम्ही हळूच म्हणालात, "हे दिलं असतं तर तो माणूस दहा वर्षं घरी आला नसता."

सुरेश म्हणाले, "म्हणून मी पण एक लिहिलंय." त्यांचं इंग्रजी शास्त्रज्ञाचं, सगळं कर्मणी. रुग्णास निवासस्थानातून हलविण्यात आले, सदर व्यक्तीकडून पर्यायी मार्गाने वाहून नेण्यात आले. तुम्ही तो कागद नाकापाशी धरलात. "हे तर आणखी भयंकर आहे. यात प्रेत असल्यासारखं वाटून राहिलंय."

आणि मग, त्या तसल्या वेळी, तुम्ही हसलात. मग मी हसले, टाके दुखले, तरी हसले. सुरेशही हसले. गुरमीतला काही कळलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणजे काहीतरी मार्ग आहे असं वाटून तीही डोळे पुसत हसली. त्या खोलीत चार दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

मग तुम्ही खुर्ची ओढलीत. "आता नुसती क्रियापदं. काय झालं आधी?"

तुम्ही एकेक गोष्ट गुरमीतकडून विचारून घेतलीत, मग माझ्याकडून. किती वाजता कळ आली. नवरा कुठे होता. कोण कुणाला म्हणालं गाडी काढ. रस्ता कुठे अडला. मी वाक्य बोलायची, तुम्ही त्यातला एखादा शब्द काढून टाकायचात. 'जबरदस्तीने' काढलात. "तुला पाऊल उचलवत नव्हतं, त्यांनी आधार दिला. तेच लिही. दे हेल्प्ड मी इंटू द टॅक्सी." 'जंगल' काढलंत. मी म्हटलं, पण मी ओरडले होते ताई. तुम्ही पेन थांबवून माझ्याकडे पाहिलंत. "बाळंतपणात सगळ्याच ओरडतात," म्हणालात. तुम्हाला कळलं होतं का? मला नेहमी वाटत आलंय की कळलं होतं.

रस्त्याच्या वाक्यापाशी आपण दोघी एकदमच थांबलो आणि एकमेकींकडे पाहिलं. ते वाक्य मी स्वतः लिहिलं: "द मेन रोड वॉज क्लोज्ड, सो ही वेंट आउट ऑफ हिज वे, बाय धनास, टू गेट मी देअर इन टाइम." एकही दुरुस्ती नाही.

शेवटी मी हटून बसले. उपकाराचं एक तरी वाक्य हवं. तुम्ही म्हणालात, "साहेबाला तुझ्या मनाचं काही नको, त्याला रस्ता हवा." साडेतीन वाजत आले होते. सुरेश घड्याळ बघत होते. मी कागद ओढून घेतला आणि तुम्हाला न विचारता तळाशी एक ओळ लिहिली: "ही हॅज नॉट सीन द बेबी यट." त्यांनी अजून बाळाला पाहिलेलं नाही. तुम्ही वाचलंत. चष्मा काढून पुसलात. "हे मी शिकवलं नाही. राहू दे."

सुरेश तुम्हाला स्कूटरवरून ठाण्यावर घेऊन गेले. तासाभरात ते एकटेच परत आले. म्हणाले, ताईंनीच पाठवलं, बाळंतीण घरी एकटी आहे म्हणाल्या, आणि ठाण्यापासून त्यांचं घर चालत दहा मिनिटं, त्या कागद देऊन परस्पर जातील. तुमची मोपेड रात्रभर आमच्या दारात उभी राहिली. अंधार पडून गेल्यावर शेजारच्या घराचं दार वाजलं, आणि भिंतीपलीकडून गुरमीतचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. कळायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरबंस सिंगजी आंघोळ करून, धुतलेले कपडे आणि मोतिया रंगाची पगडी घालून मीनूला बघायला आले. लग्नाला निघाल्यासारखे. त्यांनी तिला हातात घ्यायला नकार दिला, माझे हात फार खरखरीत आहेत म्हणाले. मीच तिला त्यांच्या ओंजळीत ठेवलं. मग जे गाडीत बोलायला हवं होतं ते मी बोलले. माफी मागितली. ते म्हणाले, "ओ छड्ड बेटा। मैं तां गड्डी ही चलाई सी।" मी तर नुसती गाडी चालवली. दोन ते पाचच्या सवलतीत तुम्ही मोपेड न्यायला आलात तेव्हा मी तुम्हाला हे सांगितलं, आणि तुम्ही विजयी मुद्रेने म्हणालात, "बघ! त्यांना येतं. क्रियापद. गड्डी चलाई."

"आणि ठाण्यावर काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? साहेबानं वाचलं. विचारलं, 'मॅडम, आउट ऑफ हिज वे, इज धिस अ रूट ऑर अ फिगर ऑफ स्पीच?' मी म्हटलं, 'बोथ, सर.' कागद दिला आणि घरी आले."

हे "बोथ, सर" मी नंतर किती जणांना सांगितलं असेल! मीनूला ती गोष्ट इतकी पाठ झाली की लहानपणी ती तुमच्यासारखा चष्मा नाकावर ओढून ते म्हणून दाखवायची. तुमची ही एवढीच भूमिका, एक हजरजबाबी उत्तर, असं मी इतकी वर्षं समजत होते.

म्हणूनच तुमचा राग यायचा. तुम्ही कुणाचं काही घेत नव्हता. मांडीचं हाड मोडलं तेव्हा स्वतः फोन करून टॅक्सीने दवाखान्यात गेलात आणि आम्हाला तीन दिवसांनी कळवलंत. मी भांडले. म्हटलं, तुमचं इंग्रजी तुमच्या अंगात गेलंय, तुम्हाला 'फॉर मी' म्हणायची लाज वाटते. फार लागेल असं बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आणि तुला 'उपकार' म्हटल्याशिवाय जेवण जात नाही." दोन महिने आपण बोललो नाही. मग एका बुधवारी मी आले, तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "उशीर झाला तुला." झालं. मिटलं.

शेवटच्या वर्षात मात्र तुम्ही मऊ झालात. मला तुमची नखं कापू दिलीत. आम्ही आता राहतो त्या झिरकपूरहून यायला गर्दीत दीड तास लागायचा, तर तुम्ही खिडकीशी बसून असायचात. मागच्या महिन्यात हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरने माझ्याकडे बोट करून विचारलं, ही तुमची मुलगी का? तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "नो. शी कम्स एव्हरी डे." एवढंच. ती येते. त्या एका क्रियापदात काय काय होतं हे मला तेव्हा कळलं, ताई. तिथे मी हरले असं समजा. पण फक्त तिथे.

परवा तुमच्या घरी सगळे जमलो होतो. बुधवारच्या कितीतरी जुन्या मुली आल्या होत्या, आता सगळ्यांचे केस पांढरे. आणि गुरमीत आली. तिला आता नीट चालवत नाही, नातवाने धरून जिना चढवली. हरबंस सिंगजी जाऊनही बरीच वर्षं झाली. ती तुमच्या वेताच्या खुर्चीत बसली, आणि मी सवयीने सगळ्यांना ठाण्याची गोष्ट सांगायला लागले. "बोथ, सर" आल्यावर सगळे हसले. गुरमीत हसली नाही. म्हणाली, "विजया, उसके बाद का भी बता।"

"उसके बाद? उसके बाद ताई घर आ गयी।"

"किन्ने केहा?" ती म्हणाली. कुणी सांगितलं?

मग तिने सांगितलं. साहेबांनी कागद ठेवून घेतला, पण वरिष्ठांची सही हवी, उद्या बघू, म्हणाले. तुम्ही म्हणालात, मी थांबते. संचारबंदी पुन्हा लागेल म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग तर थांबावंच लागेल. आणि ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलात. पिशवीतून परीक्षेचे पेपर काढलेत आणि तपासायला लागलात. पाच वाजले, सहा वाजले. शिपाई येऊन बघून जायचे. कुणीतरी पंखा तुमच्याकडे वळवला. दिवे लागले तेव्हा साहेब स्वतः बाहेर आले, म्हणाले, मॅडम, अजून किती पेपर आहेत? तुम्ही म्हणालात, पुष्कळ. त्यांनी आत जाऊन कुठेतरी फोन लावला.

"इन्होंने मना किया था," गुरमीत तुमच्या फोटोकडे बघत म्हणाली. "कहा था, विजया को मत बताना, वो ऑब्लिगेशन बोलेगी।"

मी तिथे, तेवढ्या माणसांत, मोठ्याने हसले. मग रडले. मीनूने पाणी आणून दिलं.

"आणि मग?" मी विचारलं.

मग हरबंस सिंगजींना बाहेर आणलं. टॅक्सीची किल्ली दिली, रस्त्यावर दाखवायला चिठ्ठी दिली. त्यांनी हात जोडले, वाकायला लागले. तेवढ्यात तुम्ही पेपर पिशवीत कोंबलेत, पिशवी त्यांच्या हातात दिलीत आणि दमलेल्या आवाजात म्हणालात, "सरदारजी, मेहेरबानी होगी, मुझे घर तक छोड़ देंगे? बहोत देर हो गयी है।"

त्यांनी तुमच्यासाठी गाडीचं मागचं दार उघडलं. पंधरा सेक्टरपर्यंत जाऊन, जिन्यापाशी उतरवून, वरच्या खोलीत दिवा लागेपर्यंत ते खाली थांबले. मग घरी आले. चार घास खाल्ले. गुरमीतने विचारलं, इतका उशीर का झाला? तर ते अगदी सहज, रोजच्यासारखे म्हणाले, मॅडमना घरी सोडून आलो.